डावीकडची खुर्ची

शिंपीबुवांच्या दुकानात चांगली कात्री एकच, आणि ती नवराबायको दोघांत. ते कापडं बेतायचे, ती त्यांच्या डाव्या हाताला मशीनवर बसायची. आपलं काम झालं की ती कात्री हवेत दोनदा वाजवायची आणि शिंपीबुवा डावीकडे वळून ती घ्यायचे. रिकामी कात्री वाजवली की भांडणं होतात म्हणतात. त्यांची तशीही व्हायचीच.

पुढे तापात शिंपीबुवांची शुद्ध हरपली, तेव्हा दवाखान्यातही तिने सवयीने खुर्ची डावीकडेच ओढली. ते मात्र शुद्धीवर आल्यापासून नर्सला एकच विचारत होते, "आमची ही आली नाही का अजून?"

"अहो, ही काय मी!"

आवाज आला की ते उजवीकडे, दाराकडे बघायचे. बायको शेजारी असून न दिसणं पुष्कळ नवऱ्यांना जमतं, पण हे सोंग नव्हतं. आपल्याला हे विसरले, असं धरून तिने डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टरांनी समजावलं. न हटणाऱ्या तापाचं मूळ हृदयात होतं. तिथल्या झडपेला जंतूंची लागण झाली होती. झडपेवरचाच एक कण सुटला आणि रक्तातून मेंदूत जाऊन अडकला. "ते तुम्हाला विसरलेले नाहीत. त्यांच्या लेखी डावीकडचं जगच उरलेलं नाही."

ती धावत उजवीकडे गेली.

"आलीस? कुठे उलथली होतीस इतके दिवस?" म्हणत त्यांनी तिचा हात धरला आणि रडले. तीही रडली. तिचा जीव भांड्यात पडला.

पण व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही डावीकडेच बसा. सगळं या बाजूला मिळालं तर ते तिकडे वळणारच नाहीत."

म्हणजे आत्ता कुठे सापडलेल्या नवऱ्याला पुन्हा हरवून बसायचं! तिचा पाय निघेना. तरी ती डावीकडे गेली. लगेच ते दाराकडे बघत म्हणाले, "गेली वाटतं." तिने हाका मारल्या, दंड हलवला. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातली कात्री घेऊन आली. त्यांच्या डाव्या कानाशी दोनदा वाजवली.

मान हलली, मध्यावर येऊन अडखळली. तिने पुन्हा वाजवली. मग मान सावकाश डावीकडे वळली आणि कात्रीसाठी उजवा हात पुढे आला.

"अगं, तू इथेच होतीस?"

"इथेच होते."

"मग बोलायला काय झालं होतं?" ते खेकसले.

रिकामी कात्री वाजवली होती, भांडण होणारच. तिने डोळे पुसले आणि खुर्ची आणखी जवळ ओढली, डावीकडूनच.