मगरीचं पोट आणि चार जणांचं ‘बघू’

मी मगर बोलतेय. घाबरू नका. मला दात आहेत, पण ते छापलेले आहेत, आणि पोटात हवेशिवाय काहीही नाही. रंग हिरवा, लांबी साडेचार फूट, पाठीवर धरायला दोन कड्या आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. कुणी माझ्यावर बसून बुडालं तरी मी हसतच असते, त्याला माझा इलाज नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे शेजारच्या टेबलावर बदकं चिकटवत होते. आपण हंस आहोत असा त्या बदकांचा समज होता. मला दोन तोंडं दिली, हवा भरायची. एक पोटाखाली आणि एक शेपटीला. खऱ्या तोंडातून काही आत जात नाही न् बाहेर येत नाही, म्हणून तर आजवर गप्प होते.

माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, मी श्वासाने ओळखते. ज्याने ज्याने मला फुगवलं त्याचं सगळं माझ्या पोटात आहे. दुकानदार जेवून उठला होता, कांदा होता. पुढे ज्या घरात आले तिथल्या बाबांनी सिगरेट सोडली आहे, असं घरात सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र तसं काही आढळलं नाही.

मला विकत घेतलं ठिणगीने. वय वर्षं नऊ, हट्ट वर्षं नव्वद. सुट्टीत समुद्रावर जायचं एवढंच तेव्हा ठरलं होतं. कुठल्या समुद्रावर, यावरून घरात महिनाभर खडाजंगी चालू होती. समुद्र ठरायच्या आधी मगर आली. दुकानदाराने विचारलं, “पंप देऊ का?”

“कशाला?” बाबा म्हणाले. “घरात अण्णा आहेत.”

अण्णा म्हणजे ठिणगीचे आजोबा, पण घरात सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. वय त्र्याहत्तर. बँडमध्ये तीस वर्षं सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवलेला माणूस. तो भोंगा वाजला की पुढच्या रांगेतल्यांच्या टोप्या उडायच्या, असं बाबा सांगतात. त्या अण्णांसमोर मला घडीची घडी ठेवलं, तर ते म्हणाले, “आज नको, दाढ दुखतेय.” मग मला आई, बाबा आणि ठिणगीने मिळून फुगवलं. हॉलमध्ये मी सगळ्यांच्या पायात येत होते, म्हणून माझी रवानगी अण्णांच्या खोलीत झाली, कपाट आणि भिंतीच्या मधे. दार उघडं असायचं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळायची.

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. वीस वर्षं तो दाबून दाबून त्यांना अशी सवय लागली आहे की घरात कुणी काही नवं बोललं तरी टेबलाखाली त्यांचा उजवा पाय जमिनीत रुततो.

“आपला समुद्र काय वाईट आहे?” ते म्हणायचे. “तीन तासांत पोचतो. खोलीवाला ओळखीचा. उश्या आपल्या नेता येतात.”

“चौदा वर्षं तोच समुद्र, तीच खोली आणि तोच गळका नळ,” आई म्हणायची.

“नळ दुरुस्त केलाय त्याने.”

“हे तू गेल्या वर्षी म्हणाला होतास. निघायच्या आदल्या दिवशी, डिकीत सामान ठेवताना. ‘नळ दुरुस्त केलाय त्याने, मी फोनवर विचारलंय.’ नळ गळत होता.”

आई कोर्टात टायपिस्ट आहे. साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे बोलतील ते शब्द न् शब्द टाइप करते. अशा बाईशी लग्न करणाऱ्याने एक तर खरं बोलावं किंवा गप्प बसावं. बाबांना दोन्ही जमत नाही.

आईला परदेशातला समुद्र हवा होता. ती कधी विमानात बसली नव्हती. तिचा पासपोर्ट नुकताच आला होता, आणि तो अण्णांच्या कपाटातल्या वरच्या खणात ठेवला होता, कारण घरात कुलूप फक्त त्या खणाला. ती अधूनमधून यायची, खण उघडायची आणि आपलाच फोटो बघत उभी राहायची. फोटो भयंकर आहे. दरोडेखोर बाईसारखी दिसते. पण मी काही बोलले नाही.

आता या घरातला एक शब्द तुम्हाला समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो शब्द म्हणजे ‘बघू’. बाबा ‘बघू’ म्हणाले की त्याचा अर्थ नाही. आई ‘बघू’ म्हणाली की त्याचा अर्थ हो, पण मी विचार केला असं दिसू दे. आणि अण्णांच्या ‘बघू’चा अर्थ, हो, पण तुमच्या आग्रहाखातर. अण्णांनी आयुष्यात कशालाही सरळ हो म्हटलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या वेळीही ‘बघू’ म्हणाले होते, असं म्हणतात.

तर चौदा तारखेला रात्री जेवताना आईने सरळ अण्णांना विचारलं, “अण्णा, तुम्ही सांगा. तुम्ही येणार असाल तर विमानाने जाऊ, नाहीतर विषय संपला.”

अण्णांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, “बघू.”

ठिणगीने किंचाळून टेबल हलवलं. बाबांचा ब्रेक करकचून लागला, पण गाडी पुढे निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चार तिकिटं काढली.

आणि दुपारी, घर रिकामं असताना, अण्णांनी आपल्या खोलीचं दार लावलं, मला कपाटामागून ओढून बाहेर काढलं आणि माझी सगळी हवा सोडून दिली. मला वाटलं, आटोपलं आपलं. पण ते माझ्या पोटाचं तोंड ओठात धरून फुगवायला लागले.

एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला माझा एक पंजा जेमतेम उभा राहिला आणि अण्णा पलंगाला टेकून बसले. भोंगा वाजवणाऱ्याचा श्वास म्हणून मी आ वासून तयार होते, आणि आत आली ती फुंकर. चहा निववायला घालतात ना, तेवढी. त्या फुंकरीत आणखीही काही होतं. भीती होती. इतकी भीती मी कुणाच्या श्वासात पाहिली नव्हती.

“मगरबाई,” दम परतल्यावर अण्णा म्हणाले, “आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुमच्या पोटातच गेलंय सगळं.”

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, विमानात हवा विरळ असते, तुमच्या फुप्फुसांना झेपायची नाही. अण्णांनी विचारलं, व्यायाम केला तर? तर डॉक्टर म्हणाले, रोज थोडे फुगे फुगवा, दमेपर्यंत नाही, दोन महिन्यांनी या, मग बघू.

“आणि सूनबाईला सांगितलं तर ती तिकिटं रद्द करेल. वर म्हणेल, मला तसंही जायचं नव्हतं. बारा वर्षं हेच करतेय. माझं पथ्य, माझ्या तपासण्या, माझी दाढ. यंदा नाही. तुम्ही शेपटीपर्यंत भरलात की मी विमानात बसणार. नाही भरलात तर ऐनवेळी म्हणेन, कंटाळा आला, तुम्ही जा.”

डॉक्टरांनी फुगे सांगितले आणि यांनी मगर घेतली. मोजूनमापून काही करणं बँडवाल्यांच्या रक्तात नसावं.

तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता आमचं सुरू झालं. आदल्या दिवशीची हवा सोडायची आणि पहिल्यापासून भरायची. पहिल्या आठवड्यात दोन पंजे. मग जबडा. पोट भरायला पंचवीस दिवस लागले. मधे खोकला झाला आणि अण्णा पुन्हा पंजांवर आले, तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. नक्राश्रू म्हणाल म्हणून गप्प बसले. एवढं करून संध्याकाळी मला परत कपाटामागे उभं करायचे आणि जेवताना ठिणगीला विचारायचे, “विमानात खिडकीपाशी कोण बसणार? तू की मी?” माणसं खोटं किती सफाईने बोलतात, ते बघून मला माझ्या छापलेल्या दातांचीच लाज वाटायची.

निघायला नऊ दिवस उरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. शेपटी अजून लुळी होती. त्या दुपारी अण्णांनी हट्टाने शेपटीचं तोंड धरलं. डॉक्टर म्हणाले होते दमायचं नाही, पण ऐकतो कोण? चेहरा जांभळा झाला, डोळे मिटले, आणि नेमकी त्याच वेळी आई दारात उभी. न्यायाधीशांना सर्दी झाली म्हणून कोर्ट लवकर सुटलं होतं.

“अण्णा! तुम्ही मगरीचा मुका घेताय?”

अण्णांना हसू फुटलं. हसण्यात उरलासुरला श्वासही गेला आणि ते आडवे झाले. आईने पर्स फेकली, खिडकी उघडली, त्यांना पाठीशी उश्या लावून बसवलं, पाणी दिलं. शेपटीतून फुस्स आवाज करत मीही पसरले. बऱ्याच वेळाने अण्णा बोलायला लागले, आणि सगळं सांगितलं.

“चौदा तारखेला मी विचारलं होतं,” आई म्हणाली. “तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

“ते माझं नव्हतं गं. ते डॉक्टरांचं ‘बघू’ होतं. मी नुसतं घरी घेऊन आलो होतो.”

तीनशे तीनशे पानांच्या साक्षी आई एक काना न चुकता उतरवते, आणि घरातलं दोन अक्षरांचं उत्तर तिने चुकीचं घेतलं होतं. ती रडली. रागाने, नाक पुसत, अण्णांकडे न बघता. मग म्हणाली, “जाऊ दे. मला तसंही जायचं नव्हतं.”

“झालं!” अण्णांनी माझ्या पोटावर थाप मारली. “ऐकलंत मगरबाई? हे मात्र टाइप करून ठेव, सूनबाई. खाली तारीख घाल. खोटी साक्ष म्हणून आत टाकतो तुला.”

संध्याकाळी बाबांना कळलं. ते अण्णांच्या पलंगाच्या कडेला येऊन बसले. मग बाबांनी पाय जमिनीवरून उचलून मांडी घातली आणि म्हणाले, “तुम्ही दोघी विमानाने जा. मी अण्णांना घेऊन आपल्या समुद्रावर जातो.”

वीस वर्षांत या माणसाने पहिल्यांदाच ब्रेक सोडला होता.

“बघू,” आई म्हणाली, आणि सगळ्यांना कळलं.

मी परदेशी गेले, आईच्या बॅगेत, टॉवेल आणि छत्रीच्या मधे चपटी होऊन. तिकडचा समुद्र निळा आहे, हे मान्य. पण नाकातोंडात गेला की तेवढाच खारट. पहिल्या दिवशी आई गुडघाभर पाण्यात उभी राहून पाणी थंड आहे म्हणत होती. चौथ्या दिवशी माझ्या दोन्ही कड्या धरून छातीभर पाण्यात पाय मारत होती, आणि इतक्या मोठ्याने हसत होती की शेजारच्या बदकावरच्या बाईने वळून पाहिलं. फोनवर बाबांनी अण्णा दाखवले. खुर्ची पाण्याच्या कडेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, लाट आली की पाय वर.

“नळ गळतोय का?” आईने विचारलं.

“गळतोय,” बाबा म्हणाले. शहाणे झालेत.

शेवटच्या दिवशी वाळूत एका फुटक्या शिंपल्याने माझ्या पोटाला टाचणीएवढं भोक पाडलं. त्यातून हवा हळूहळू जाते. सकाळी टणक असले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ.

आता मी पुन्हा अण्णांच्या खोलीत, कपाट आणि भिंतीच्या मधे. चार महिने झाले. डॉक्टरांनी अण्णांना स्पष्टच सांगितलंय की फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, आहे तेवढं टिकवायचं. शेपटी काही भरली नाही, आणि भरणारही नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. पण रोज तीन वाजता ते मला बाहेर काढतात, “काय मगरबाई, वाळलात?” असं विचारतात, आणि पोट भरतात. दमले की थांबतात. अर्ध्यात थांबले तरी मी काही बोलत नाही.

काल मात्र ठिणगीला मी ज्यात आले त्या खोक्याच्या तळाशी एक गोल हिरवी चकती आणि गोंदाची नळी सापडली. भोक बुजवून अण्णांना रविवारी चकित करायचा तिचा बेत आहे. पोर गुणाची आहे, पण डोकं बापाचं.

ठिणगे, माझं ऐक. मला दुरुस्त करू नकोस. मी टणक झाले की अण्णा मला एकदा भरतील, कपाटामागे उभी करतील आणि विसरतील. मग दुपारी तीन वाजता पलंगावरून उठायला त्यांना कारण काय राहील? जाऊ दे माझी हवा रोज थोडी. तेवढीच भरायला ते येतात. मला गळू दे गं.