ध्रुव चौकीवरचा ढावलो

'ध्रुव चौकी' पुन्हा येणार, ही बातमी आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलला नवी काच बसवत होतो. काच वाकडी बसली. गिऱ्हाईक बोंब मारत राहिलं आणि मी दुकानाबाहेर येऊन सुखीला फोन लावला. आमच्या बोरी अरबात या मालिकेचे वेडे दोनच. एक मी आणि दुसरी सुखी, ती आता लग्न होऊन दारव्ह्याकडच्या तांड्यात गेली आहे आणि तिथल्या अंगणवाडीत काम करते. बाकी गावाला मालिकेचं नाव आठवतं ते फक्त आम्हाला चिडवण्यापुरतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही शाळेत एका वर्गात होतो तेव्हा रविवारी सकाळी ही हिंदी मालिका लागायची. आकाशात फार दूर एक चौकी, तिच्यावर कप्तान विराज आणि त्याची माणसं, आणि दर रविवारी एक नवा ग्रह. यान पुठ्ठ्याचं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. एकदा तर यानाच्या भिंतीआडून चहाची किटली धरलेला हात दिसला होता. पण त्या यानात बसून आम्ही इतक्या लांब जाऊन यायचो की यवतमाळ आम्हाला कधी मोठं शहर वाटलंच नाही. मग मालिका अचानक बंद पडली. 'मी परत येईन' असा एका ग्रहावरच्या बायकांना शब्द देऊन कप्तान निघाला, आणि पुढच्या रविवारी त्या जागी फवारणीची माहिती सांगणारा माणूस बसलेला.

तेव्हापासून मी वाट बघत होतो. फेसबुकवर आमच्यासारख्यांचा एक ग्रुप आहे. त्यात पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी यानाचं इंजिन कुठल्या बाजूला होतं यावर हमरीतुमरीवर येतात. माझं मागणं साधं होतं. संगीत तेच ठेवा, आणि कप्तानाला त्या ग्रहावर परत न्या. दिलेला शब्द पाळायला हवा, मग माणूस कुठल्याही चौकीवरचा असो.

सुखीला यातलं काही नको होतं.

"नवं राहू दे, विक्की," ती म्हणाली. "जुने भाग दाखवतीन का?"

दाखवणार होते. पहिल्या नव्या भागासोबत सगळे जुने भाग धुऊन-पुसून, चकचकीत करून मोबाईलवर येणार होते. मी तसं सांगितलं. 

"मंग मायी याडी येते," ती म्हणाली. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई.

तो शेवटचा ग्रह म्हणजे मुंबईच्या बाजूची एक गिट्टीखदान होती. सुखीचे आईवडील, रुपीबाई आणि धावजी, आमच्या गावाजवळच्या तांड्यातल्या आणखी काही जणांबरोबर तिथे दगड फोडायला गेले होते. सुखीला तांड्यातच ठेवलं होतं, शाळा बुडू नये म्हणून. खदानीत शूटिंगवाले आले. त्यांना परग्रहावरच्या बायका हव्या होत्या, आणि समोर आरशांच्या काचोळ्या आणि घेरदार फेटिया, म्हणजे घागरे, घातलेल्या बायका दगड फोडत होत्या. कपड्यांचा खर्चही वाचला. आपल्या जिल्ह्यातल्या बायका साऱ्या देशाला परग्रहावरच्या म्हणून दाखवल्या आणि कुणाला काही खटकलं नाही, याचा मला आजही राग येतो. पण तो राग नंतर.

कप्तान ग्रह सोडून निघतो आणि तिथल्या बायका त्याला निरोप देतात, असा प्रसंग होता. शूटिंगवाल्याने रुपीबाईला पुढे उभं केलं आणि सांगितलं, तुझं माणूस फार दूर चाललंय असं समज आणि तुझ्या भाषेत बोल. रुपीबाई अडली. या परक्या बाप्यासाठी काय रडू, म्हणाली. तेव्हा मागे उभ्या असलेल्या, तांड्यातल्याच लालीबाईने तिला सुचवलं की त्याच्यासाठी कशाला, तुझ्या पोरीसाठी रड. आणि रुपीबाईने ढावलो घातला.

ढावलो म्हणजे सुरात रडणं. बंजारा बायका लेक सासरी निघाली की ढावलो घालतात, माणूस गेलं की घालतात, आणि जिवाभावाचं कुणी खूप दिवसांनी भेटलं तरी आधी गळ्यात पडून ढावलो, मग पाणी, मग गोष्टी. ज्याच्यासाठी रडायचं त्याचं नाव आधी घ्यायचं, आणि मग त्याला जे सांगायचं ते सुरात सांगायचं. लहानपणी आम्हाला याचं हसू यायचं. बौद्धवाड्यातली आम्ही पोरं तांड्यावरून जाताना त्या सुराची नक्कल करायचो.

रुपीबाईने सुखीचं नाव घेतलं, एवढं लालीबाईने ऐकलं. तेवढ्यात शूटिंगवाल्यांनी वादळासाठी आणलेला भला मोठा पंखा सुरू झाला आणि पुढचं तिला ऐकू आलं नाही. संध्याकाळी तिने विचारलं, तर रुपीबाई लाजून म्हणाली, पोरीला सांगायचं ते पोरीला सांगितलं, ती टीव्हीत ऐकेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खदानीची कड ढासळली आणि रुपीबाई दगडांखाली गेली. तिला तिकडेच अग्नी दिला. धावजी तिचे कपडे गाठोड्यात बांधून परत आला. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता.

तो भाग लागला त्या रविवारी तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरी, तांड्यातल्या एकुलत्या एक टीव्हीपुढे, मुंगी शिरायला जागा नव्हती. मी खिडकीच्या गजाला लटकून बघत होतो. सुखी सगळ्यात पुढे, टीव्हीला नाक लावून. शेवटी एकदाची रुपीबाई आली. पडदाभर तिचा चेहरा. आणि तिने तोंड उघडलं त्याच क्षणी घरातल्या झाडून सगळ्या बायकांनी ढावलो सुरू केला. रुपी दिसली होती, किती महिन्यांनी दिसली होती, आणि तिच्या मढ्यावर कुणाला रडायलाही मिळालं नव्हतं. त्या सुरात टीव्हीचा आवाज कुठल्या कुठे गेला. सुखीने टीव्हीला कान लावला, ओरडली, एका म्हातारीचं तोंड हाताने दाबलं. पुन्हा शांत झालं तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

त्या बायकांना दोष तरी कसा द्यायचा? त्यांनी रीत पाळली होती. पण एका पोरीसाठी आईने ठेवलेला निरोप त्या रीतीने बुडवला, हेही तेवढंच खरं आहे.

तो भाग परत कधी लागला नाही. मी ठिकठिकाणी शोधला, ग्रुपवर विचारलं, कुणाकडे नव्हता. सुखी मोठी झाली, तिचं लग्न झालं, पोरं झाली. भेटली की बाकी काही विचारायच्या आधी विचारायची, विक्की, काही समजलं का? याडी आपल्याला काय म्हणाली, एवढंच तिला हवं होतं. लोक देवाला मागतात, ही बाई एका बंद पडलेल्या मालिकेला मागत होती.

म्हणून भाग येणार त्या दिवशी मी घरचा मोठा टीव्ही भिंतीवरून काढला. बायको, दीपमाला, म्हणाली तोडून आणू नका. तो मोटारसायकलवर मागे भाच्याच्या मांडीवर देऊन आम्ही तांड्यात नेला आणि समाजमंदिरात लावला. सुखी सकाळीच माहेरी आली होती आणि घरोघर फिरून एकच गोष्ट सांगत होती. या वेळी कुणी रडायचं नाही.

लालीबाईला ते पटेना. ती आता पार वाकली आहे, डोळ्यात मोतीबिंदू. रुपी दिसल्यावर रडायचं नाही म्हणजे काय, मेलेल्या माणसाचा हा मान झाला का, असं ती भांडत होती. त्यांचं गोरबोलीतलं, बंजाऱ्यांच्या बोलीतलं, भांडण मला अर्धंच कळलं. शेवटी सुखीने तिचे दोन्ही हात धरले आणि हात जोडल्यासारखे स्वतःच्या कपाळाला लावले. मग म्हातारी गप्प बसली.

दुपारी सगळ्या जमल्या. तेव्हाच्या बायकांपैकी ज्या उरल्या होत्या त्या पुढे. धावजी मागे दाराजवळ भिंतीला टेकून बसला होता. त्याला आता कमी ऐकू येतं. मी मोबाईलचं नेट टीव्हीला जोडलं, भाग लावला आणि सरळ शेवटाकडे नेला. बायकांनी ओढणीची टोकं तोंडात कोंबली. एवढ्या बायका बसलेल्या आणि बाहेर शेळी खुरांनी माती उकरत होती तेही ऐकू येत होतं.

रुपीबाई आली. चित्र इतकं स्वच्छ की काचोळीवरचा एकेक आरसा मोजून घ्यावा. केवढीशी होती. माझ्या शेजारी बसलेली सुखी तिच्याहून किती मोठी दिसत होती, तिच्या तर केसात पांढरं आलं आहे. लालीबाईचे खांदे हलायला लागले, पण आवाज नाही काढला. कुणीच नाही काढला. रुपीबाईने तोंड उघडलं.

त्यातून भलतंच काहीतरी बाहेर आलं. माणसाचं बोलणं नव्हतंच ते. डब्यात खडे हलवावे तशी खडखड आणि मध्येच शिट्टी. खाली हिंदीत अक्षरं आली की हे ताऱ्यांच्या पुत्रा, वारा तुझी वाट सोपी करो.

"विक्की," सुखी म्हणाली, "हे काय बोलून राह्यली ते? हा मायी याडीचा आवाज नाही."

मी मागे घेऊन परत लावलं. तेच. भाषा बदलता येते का, तिने विचारलं. येत होती. मी हिंदी काढून तमिळ लावली, तेलुगू लावली, इंग्रजी लावली. दर वेळी कप्तान वेगळ्या भाषेत बोलायचा आणि रुपीबाईच्या तोंडून तीच खडखड. जगातल्या सगळ्या भाषांची सोय केली होती, तिची तेवढी काढून टाकली होती. ग्रुपवर नंतर पाहिलं, तर कौतुकाचा पूर आला होता. जाणकार बसवून त्या ग्रहासाठी खास भाषा तयार केली म्हणे, जुन्या भागात नुसतं कुणीतरी रडत होतं. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलो. त्याने काही होत नाही, पण पडलो.

"आवाज बंद कर," सुखी म्हणाली.

मी बंद केला. ती उठून टीव्हीजवळ गेली आणि लहानपणी बसायची तशी अगदी समोर बसली. मी चित्र पुन्हा मागे नेलं. रुपीबाईचे ओठ आधी गोल झाले, मग फाकले. सुखी. नाव घेतलं होतं तिने, लालीबाई खोटं बोलत नव्हती. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. आणि लगेच चित्र बदललं. आता पडद्यावर कप्तान विराज होता. डोळ्यात पाणी आणून तो ऐकत होता, ऐकतच राहिला, अगदी शेवटपर्यंत तोच दिसत राहिला. रुपीबाई पुढे जे काही बोलली ते त्याच्या चेहऱ्यामागे बोलली. त्या माणसाला गोरबोलीतला एक शब्द कळत नव्हता आणि त्यानेच सगळं ऐकलं.

"अजून एक बार," सुखी म्हणाली. मी लावलं. सुखी, आणि मग कप्तान. तिने टीव्हीच्या काचेवर हात ठेवला, त्याला बाजूला सारता येईल असा. मग काढला.

मागून धावजीने विचारलं. टीव्हीचा आवाज बंद आहे हे त्याला कळलंच नव्हतं, आपल्यालाच ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. त्याच्या गोरबोलीतलं एवढं मलाही समजलं, रुपी काय म्हणाली?

सगळ्या बायका सुखीकडे बघायला लागल्या. तिने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. खोटं म्हणायला होतंच कोण?

मायं नाव घेतलं, तिने सांगितलं.

आणि मग, म्हाताऱ्याने विचारलं.

 सुखी बायकांकडे वळली आणि म्हणाली, "रडा आता."

लालीबाईने तोंडातली ओढणी काढली आणि रुपीचं नाव घेतलं. मग बाकीच्यांनी. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्या गडबडीत टीव्हीवर नवा भाग आपोआप सुरू झाला. यान उतरलं, दार उघडलं, आणि पिकलेल्या दाढीचा कप्तान विराज त्याच ग्रहावर पाय ठेवत होता. मी आयुष्यभर मागितलं होतं ते हेच. मी वायर ओढून टीव्ही बंद केला.

सुखी लालीबाईच्या गळ्यात पडली होती. आधी नाव घ्यायचं, मग सांगायचं ते सांगायचं. ती याडी म्हणाली. पुन्हा सूर धरून याडी म्हणाली. बाकीच्या बायका थांबल्या, तिचं पुढचं ऐकायला. पुढचं तिला येईना.