कुलूपवाल्याची फोनवाली

कुलूपवाल्याने आयुष्यात कुणाच्या हाती किल्ली दिली नव्हती. बायकोच्याही नाही. दुकानाचा जुडगा दिवसभर त्याच्या पट्ट्याला लटकायचा आणि तो आंघोळीला गेला की न्हाणीतल्या खुंटीला. लोकांची दारं उघडून उघडून त्याला एवढंच कळलं होतं, की दार उघडायला फारसा वेळ लागत नाही.

अडचण होती ती फोनची. तो कुणाच्या तरी उंबऱ्यापुढे गुडघे टेकून, दातांत टॉर्च धरून कुलपाच्या पोटात तार फिरवत असायचा आणि खिशात फोन कोकलत राहायचा. उचलावा तर हातचं काम निसटतं, न उचलावा तर गिऱ्हाईक चौकातल्या दुसऱ्या किल्लीवाल्याकडे जातं. शेवटी दूर राहणाऱ्या लेकीनेच मनावर घेतलं. एक बाई आपल्या घरी बसून, भलत्याच शहरातून त्याचे फोन घेईल, पत्ता विचारेल, वेळ ठरवेल आणि दिवसाची कामं त्याच्या मोबाइलवर पाठवेल. “व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्याला, बाबा,” लेक म्हणाली. घरात मात्र त्या बाईचं नाव पडलं ‘फोनवाली’.

मुलाखत व्हिडिओवर झाली. फोनवाली तिशी उलटलेली, केस मागे बांधलेले, पाठीमागे कोरी भिंत. कुलूपवाल्याने तिला विचारलं, घरी कोण कोण असतं, भाऊ आहे का, असला तर काय करतो. पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीत लेकीने कपाळाला हात लावला. फोनवालीने शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि मग तिनेच उलटा प्रश्न केला.

“काका, बोलावणारा माणूस त्याच घरचा आहे, हे तुम्ही कसं ओळखता?”

“चेहऱ्यावरून कळतं,” तो म्हणाला.

तिने मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. ते त्याला मुळीच आवडलं नाही. तरी त्याने तिला ठेवली, पण निम्मीच. फोन तिच्याकडे वळवले, पण मेल, जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि स्वतःच्या जाण्यायेण्याच्या वेळा यांबाबत ताकास तूर लागू दिली नाही. तिने मागितल्यावर ‘बघू’ म्हणाला, आणि त्याचं बघू म्हणजे नाही, हे बायकोला तीस वर्षांत पाठ झालं होतं.

कामं वाढली. तसा मेव्हणा एकदा सहज येऊन बसला आणि त्याने आगीत तेल ओतलं. “भावोजी, कुणाची कडी निखळलीय, कोण कधी गावाला चाललंय, सगळं त्या बाईला ठाऊक. चोराला आणखी काय लागतं?” बायको त्याला म्हणाली, तू आपलं गप्प बस. पण कुलूपवाल्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तेवढ्यात बाजारात एकाने त्याला अडवलं. चांगल्या कपड्यांतला, नम्र बोलणारा गृहस्थ. घराबाहेर अडकलो होतो, म्हणाला, आणि तुमच्या बाईने सरळ ‘नाही’ म्हणून सांगितलं. कुलूपवाल्याने तिथूनच फोनवालीला जाब विचारला. ती म्हणाली, हे घाईत सांगण्यासारखं नाही, संध्याकाळी निवांत बोलू. संध्याकाळी त्याने मुद्दामच फोन केला नाही. त्याच्या लेखी अर्थ उघड होता. बाई गिऱ्हाइकं दुसरीकडे वळवत होती.

आणि मग चोरी झाली. एका म्हाताऱ्या जोडप्याने प्रवासाला निघण्याआधी कुलूप बदलून घेतलं होतं. ती दोघं परत आली तेव्हा कपाटं उघडी होती. कुलूपवाला धावत गेला. त्याचं कुलूप जसंच्या तसं होतं, चोर न्हाणीच्या खिडकीच्या काचा काढून आत शिरला होता. पण ती दोघं घरी नाहीत, हे कळलं कुणाला? पोलिसांनी त्याला दोन-चार प्रश्न विचारून सोडलं. तो प्रश्न मात्र त्याने बरोबर घरी आणला आणि ताटावर बसला तरी तो डोक्यातून जाईना.

त्याने सापळा लावायचं ठरवलं. मेव्हण्याच्या ओळखीत एक जागा रिकामी पडून होती. मेव्हण्याने आवाज बदलून फोनवालीला फोन केला. दाराचं कुलूप मोडलंय, आम्ही आठवडाभर बाहेर आहोत, घरात कुणी नाही, सवडीने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून कुलूपवाला त्या घरासमोर गाडी लावून दबा धरून बसला. आता पाळत ठेवायला जाताना माणूस निदान कुणाची तरी गाडी मागून नेईल. हा आपलीच घेऊन गेला होता. दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत ‘कुलूप-किल्ली’ आणि खाली फोन नंबर.

चोर काही आला नाही. ऊन उतरलं तेव्हा काचेवर टकटक झाली. शेजारच्या इमारतीतल्या आजी काठी घेऊन उभ्या होत्या, बरोबर दोन दणकट भाडेकरू. आजींनी त्याला दुपारपासून खिडकीतून पाहिलं होतं. कुलूप उघडण्याचं सामान घेऊन हा बंद घराकडे टक लावून का बसलाय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्याने आधी कुणाची तरी वाट बघतोय म्हणून सांगितलं, मग काम आहे म्हणून सांगितलं. दोन उत्तरं ऐकल्यावर एका भाडेकरूने गाडीच्या दारापुढे पाय रोवले. आजींनी गाडीवरचा नंबर वाचला आणि फोन लावला.

फोन अर्थातच फोनवालीने उचलला. तिने एकदम हो म्हटलं नाही. माणूस दिसतो कसा, पट्ट्याला जुडगा आहे का, मागे कशाकशाच्या पेट्या आहेत, हे आजींकडून वदवून घेतलं. मग सांगितलं, की तो आमचाच आहे, कामाचा पत्ताही हाच आहे. आजी काठी टेकत परत गेल्या. कुलूपवाला घामाने निथळत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मिनिटभरात त्याचा फोन वाजला.

“ते काम खोटं होतं ना, काका?”

त्याने गाडीची काच वर केली.

“घर रिकामं आहे, हे त्या माणसाने न विचारता दोनदा सांगितलं. खरा माणूस ते लपवतो. मला वाटलं, तुम्हाला लुटायला बोलावतायत. म्हणून कामापुढे लिहिलं होतं, एकटे जाऊ नका. तुम्ही वाचलं नाहीत.”

त्याने वाचलं नव्हतं. तिचं लिहिलेलं तो पत्त्यापुरतंच वाचायचा.

मग त्याने सगळं सांगून टाकलं, चोरीसकट. ती चिडली नाही. म्हणाली, संशय मीही घेतला होता. पहिल्या आठवड्यात तिने त्याच्या नव्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले होते. काम नीट झालं का, हे विचारायचं निमित्त. खरं तर तो येऊन गेल्यावर घरातून काही नाहीसं झालं का, हे तिला पाहायचं होतं. कुलूपवाल्याला आधी संताप आला आणि मग आपणही हेच केलं असतं, हे कळून तो विरघळला.

बाजारात भेटलेल्या त्या गृहस्थाला नाही का म्हटलं, तेही तिने सांगितलं. त्याने जो पत्ता दिला, त्याच पत्त्यावरून महिन्यापूर्वी एका बाईचा फोन आला होता. कुजबुजत बोलत होती. नवऱ्याला घराबाहेर काढलंय, त्याच्याकडे किल्ली आहे, आजच कुलूप बदला, आणि कामाचा आवाज फार होईल का. कुलूपवाल्याला ती आठवली. तो काम करत होता तेवढा वेळ ती भिंतीला पाठ लावून उभी होती, नजर जिन्याकडे. फोन त्याच्याच खिशात असता तर त्या नम्र माणसाच्या मागोमाग जाऊन त्याने स्वतःच्या हाताने ते दार उघडून दिलं असतं.

“आणि त्या चोरीचं मला काही माहीत नाही,” ती म्हणाली. “पण ते पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही.”

ती शपथा घालत बसली नाही, हे त्याला बरं वाटलं. चोर आजतागायत सापडलेला नाही. मेव्हणा अजून भुवया उडवतो. कुलूपवाल्याच्या मनातही कधी कधी ते येतं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला सगळे जुने पत्ते दिले, आपल्या वेळाही दिल्या. तेव्हापासून दुकान उघडण्याआधी दोघं फोनवर दिवसाची कामं वाचतात, अगदी शेरे धरून. एखादा आवाज तिला खटकला तर ती त्याला विचारते, आणि त्यालाही तो खटकला तर काम घेत नाहीत. गिऱ्हाइकं थोडी रागावतात. रागावू देत, असं आता तोच म्हणतो.

त्या कुजबुजणाऱ्या बाईला दाराला आतून आणखी एक अडसर हवा होता. फोनवालीने वेळ ठरवून दिली. कुलूपवाला जिना चढून गेला, बेल वाजवली. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, कुणी पाठवलंय तुम्हाला? त्याने सांगितलं. आत पावलं मागे गेली आणि ती फोनवर फोनवालीशी बोलत असल्याचं अस्पष्ट ऐकू आलं. माणूस दिसतो कसा, आज येणार होता का, प्रत्येक गोष्ट ती दोनदा विचारत होती.

पूर्वी असा ताटकळला असता तर त्याने तोंड वाकडं केलं असतं. आता त्याने पेटी खाली ठेवली आणि तिला दारातल्या बघायच्या भोकातून पूर्ण दिसेल असा तो दारापासून दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.