डावीकडचा पॅड

माझा घसा बसला बुधवारी, आणि अंतिम लढत होती रविवारी. एरवी मी बोलायला लागले की शेजारचे खिडक्या लावून घेतात, त्यामुळे माझी वाचा गेली ही आमच्या घरात मोठी बातमी ठरली. घशाच्या डॉक्टरांनी दोन दिवस चकार शब्द काढायचा नाही असं बजावलं. सगळ्यांनी पोटभर हसून घेतलं. एकटी लवंगी हसली नाही. "रविवारपर्यंत येईल ना गं आवाज?" असं तिने तीनदा विचारलं. मला वाटलं, पोरीचा केवढा जीव आहे माझ्यावर!

लवंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी नुसती काडी होती, पण कुणी वाटेला गेलं की त्याच्या डोळ्यांत पाणी काढायची, म्हणून हे नाव पडलं. किकबॉक्सिंगमध्ये तिच्या वजनगटात ती सलग सात वर्षं देशाची विजेती आहे. तिच्या सरावाचे पॅड मी धरते. म्हणजे दोन्ही हातांत जाड गाद्या घालून उभी राहते, ती त्यांवर ठोसे आणि लाथा मारते, आणि मधूनच मी एक पॅड तिच्या डोक्याच्या दिशेने फिरवते. तो तिने वाकून चुकवायचा.

आमचे सर म्हणतात, पॅड धरणाऱ्याने तोंड बंद ठेवावं, समोरची काही सांगून मारत नाही. पण मला ते जमतंय थोडंच! 'एक! दोन! लाथ! वाक!' असा माझा भोंगा चालू असतो. दोन वर्षांपूर्वी सरांनी मला त्यावरून चांगलंच झापलं, तेव्हा लवंगीच मध्ये पडली. "ओरडू द्या हो तिला, सर. तिच्या आवाजाने मला लय सापडते." तेव्हापासून मी लढतीतही रिंगच्या कोपऱ्यातून ओरडायला लागले. एका वर्तमानपत्राने आमच्या ताळमेळाचं कौतुक छापलं. ते कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, आणि पाहुणे आले की ते दार हमखास उघडं राहतं.

गुरुवारी सकाळी व्यायामशाळेत आम्ही दोघीच होतो. मी मुकाट्याने पॅड चढवले. समोरचे ठोसे झाले, उजवीकडची लाथ झाली. मग मी तिच्या डाव्या कानाच्या बाजूला पॅड धरला. ती हात उचलून तशीच उभी राहिली.

"धर ना पॅड," ती म्हणाली.

मी धरलेलाच होता. मला वाटलं, माझ्या मौनाची चेष्टा चालली आहे. म्हटलं थांब, तुला दाखवतेच. मी तो पॅड रोजच्या वेगाने तिच्या डोक्याकडे फिरवला. फाडकन आवाज झाला. पॅड तिच्या कानशिलावर बसला होता, आणि सात वेळच्या विजेतीने वाकणं तर सोडाच, तिची पापणीसुद्धा आधी लवली नव्हती.

मी पॅड काढून टाकले, तिच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या नाकासमोर धरली.

"किती?" नुसती हवा बाहेर पडली.

"हात काढ, ताई."

"किती बोटं आहेत?"

"काढ म्हणते ना!" तिने माझा हात झटकला आणि मॅटवर बसली. मग जमिनीकडे बघत एकेक गोष्ट सांगू लागली. सहाव्या अंतिम लढतीत डाव्या डोळ्यावर लाथ बसली होती. आतला पडदा सुटला. ही आठ दिवसांनी एकटीच डॉक्टरकडे गेली, तोवर त्या डोळ्याची नजर गेली होती. उजव्या डोळ्याचा पडदाही पातळ आहे, डोक्याला मार लागू देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. जिचा धंदाच मार देण्याघेण्याचा, तिला!

"आणि लढतीआधीची तपासणी?" मी विचारलं.

तिने करून दाखवलं. आधी डाव्या हाताने डावा डोळा झाकला. मग उजवा हात वर नेला आणि पुन्हा डावाच डोळा झाकला. "हात बदलला की झालं. डॉक्टर खाली मान घालून लिहीत असतात."

त्या प्रत्येक तपासणीला मी तिचं जॅकेट घेऊन तिच्या मागेच उभी होते. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण ते मी नुकतंच केलं होतं. लय नव्हती, ताळमेळ नव्हता, डावीकडचं ती नुसती माझ्या 'वाक!'वर चुकवत होती. मला भडभडून आलं, आणि नीट रडायलाही आवाज नव्हता.

"एवढी एकच, ताई. आठवं पदक मिळालं की मी स्वतः सगळ्यांना सांगेन. तू फक्त ओरड."

सांगायला लाज वाटते, पण मी हो म्हटलं. दोन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, वाफारे घेतले, सरांसमोर तोंडाला कुलूप लावलं. शनिवारी आवाज परत आला.

शनिवारीच दुपारी तिची प्रतिस्पर्धी शेजारच्या मॅटवर सराव करत होती. उंच मुलगी, उजवी लाथ वरून येणारी. समोर लवंगी असती, तर ती लाथ नेमकी तिच्या डाव्या बाजूने आली असती. मी लांब उभी राहिले आणि तिचा पाय उचलला गेला की 'वाक' म्हणून पाहू लागले. तोंडातून 'वा' निघेपर्यंत लाथ पॅडवर पोचलेली असायची. मी वीस लाथा मोजल्या. वीसही वेळा मला उशीर झाला.

रविवारी सकाळी तपासणी. तोच हॉल, वजनकाटा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. लवंगीने डाव्या हाताने डावा डोळा झाकला आणि घडाघडा वाचलं. मग उजवा हात वर गेला.

"डॉक्टर, तिने तोच डोळा झाकलाय!"

आवाज एवढा मोठा निघाला की अख्ख्या हॉलने वळून पाहिलं. डॉक्टर उठले, तिचा हात खाली घेतला आणि स्वतःच्या हाताने तिचा उजवा डोळा झाकला. "वाचा."

तिने मान खाली घातली.

"वाच ना गं, कसला हट्ट हा?" सर म्हणाले.

"काळोख आहे, सर."

सर मटकन वजनकाट्यावरच बसले. डॉक्टरांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. लवंगीने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, जॅकेट न घेताच ती बाहेर गेली.

व्हरांड्यात ती बाकाच्या टोकाशी बसली होती. जागा तिच्या डाव्या हाताला होती, तिथे मी जाऊन बसले. हाक न मारताच तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्याच क्षणी तिची मूठ माझ्या तोंडावर बसली आणि मी बाकावरून खाली आले.

"ताई!" ती माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली. माझ्या ओठातून रक्त येत होतं. "अगं, मला माहीत नव्हतं तू आहेस. मला त्या बाजूचं काही दिसत नाही गं! काहीच दिसत नाही!"

व्हरांड्यातली माणसं थांबून पाहत होती आणि ती त्यांच्यादेखत तेच तेच ओरडत होती, ओरडून रडत होती. मी उठले, ओठाला रुमाल लावला, तिला धरून बाकावर बसवलं आणि वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.