हवेच्या तोंडावरची फळी

इंजिन आज सुरू करायचं ठरलं आणि सुनेला धास्ती वाटायला लागली. तसं पाहिलं तर घाबरायचं तिला काही कारण नव्हतं. माहेरी गॅरेज, डिझेलच्या वासातच लहानाची मोठी झालेली. या इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू तिनंच सोडवला होता. रिंगा नव्या घातल्या, नॉझल साफ केलं, भंगारातून दुसरं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, शोधून आणलं.

पहिलं फ्लायव्हील फुटलं होतं. ते फुटलं तेव्हा समोर थोरला दीर उभा होता.

ती या घरात येण्याआधीची ही गोष्ट. थोरल्यानं असंच दुरुस्त करून इंजिन सुरू केलं, ते सुसाट सुटलं, डिझेल बंद केलं तरी थांबेना. का सुटलं ते कुणालाच कळलं नाही. मग ते शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिलं. आता होडीवरचं दुसरं इंजिन कायमचं बंद पडलं, तेव्हा धाकट्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ताडपत्री ओढून काढली. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. एकाला खाल्लंस, दुसऱ्याला हात लावू नकोस, असं ती इंजिन पुसता पुसता मनात म्हणायची.

सकाळी तिनं हवेच्या गाळणीच्या वाटीत धूळ अडवायचं तेल भरलं, बरोबर रेघेपर्यंत. गाळणीची पट्टी मुद्दाम सैल ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन भाजी कापायची फळी घेऊन आली.

"इथं कांदा चिरणार का?" नवरा हसला.

"हसा. सुटलेलं इंजिन हवा बंद केल्याशिवाय थांबत नाही. फडकं लावलं तर ते गिळतं, हात लावला तर हात जातो."

"अगं, एवढी कशाला घाबरतेस?"

"घाबरू नको तर काय करू? तुम्ही चाकासमोर उभं राहायचं नाही. बाजूला राहून हँडल मारायचं. माझी शपथ आहे."

सासरे दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांना आता जवळचं धड दिसत नसे. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर घट्ट. थोरला गेल्यापासून शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आज आले होते.

नवऱ्यानं हँडल फिरवलं, तिनं लिव्हर खाली टाकली. एक धक्का, दुसरा धक्का, आणि इंजिन लागलं. टक टक टक, कसं शहाण्या मुलासारखं! नवऱ्यानं तिच्याकडे बघून डोळा मारला. तिचा श्वास अर्धा सुटला होता, तेवढ्यात आवाज बदलला.

ठोके जवळ जवळ आले, एकमेकांत मिसळले, त्यांची किंकाळी झाली. धुरानं शेड भरली. नवऱ्यानं डिझेलचा नळ बंद केला. काही फरक नाही. पत्रे थरथरायला लागले. "बाहेर व्हा!" ती ओरडली, पण तिचाच आवाज तिला ऐकू आला नाही. नवरा नळ धरून थिजून उभा होता, नेमका चाकासमोर.

तिनं लाथ मारून गाळणी उडवली आणि दोन्ही हातांनी फळी हवेच्या पाइपच्या तोंडावर दाबली. इंजिनानं फळी अशी ओढली, की कोपरापर्यंत कळ गेली. ती दाबत राहिली. डोळे मिटले. आता फुटेल, आता फुटेल.

इंजिन खोकलं आणि मेलं.

नवरा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "काय झालं गं? कशानं सुटलं?"

तिनं पडलेली गाळणी पाहिली. खाली तेलाचं थारोळं होतं, तिनं भरलं त्याच्या दुप्पट तरी. जादा तेल हवेबरोबर आत गेलं आणि इंजिन त्याच्यावरच पळालं. स्टुलाच्या पायाशी तेलाची बरणी होती. ती मांडणीवर ठेवल्याचं तिला पक्कं आठवत होतं.

"माझ्याकडून तेल जास्त पडलं," ती म्हणाली. "तुम्ही जा, तोंड धुऊन या."

तो गेल्यावर सासरे भिंत धरत जवळ आले.

"पोरी, मी ओतलं. कोरडं राहायला नको म्हणून. सुरू करायच्या आधी आपल्या हातचं थोडं घालायचं, ही माझी जुनी खोड." त्यांनी डोळे तिच्यावर रोखले. "त्या दिवशीही घातलं होतं गं. थोरल्यानं आधीच भरलं असेल का?"

इंजिनाला घाबरली नव्हती इतकी ती त्या डोळ्यांना घाबरली.

"नाही बाबा. तेव्हा गव्हर्नर अडकला होता. मी खोललं ना, गंजलेला होता पार."

गव्हर्नर, इंजिनाचा वेग आवरणारा भाग, लोण्यासारखा फिरत होता. तिनं स्वतः फिरवून पाहिला होता.

"खरंच?"

"तुमची शपथ," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना स्टुलापर्यंत घेऊन गेली.