मॅजचं पाणी

नेव्ह हॉस्किन रोज सकाळी सहा वाजता मॅजचं भांडं काठोकाठ भरायचा आणि दुसऱ्या दिवशी सहाला पाणी किती उतरलं ते फुटपट्टीने मोजायचा. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, आकडा चौदा ते अठरा मिलिमीटरच्या दरम्यान होता. तो आकडा तो कॅलेंडरवर लिहायचा आणि गुरुवारी तुरुंगातून मुलीचा फोन आला की वाचून दाखवायचा.

मॅज म्हणजे दाढीचा सरडा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेली मादी, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी लांब. टॅरिनने तिला सात वर्षं पाळलं होतं. गोळ्या विकल्याबद्दल चौदा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा काचेची पेटी, उबेचा दिवा आणि दोन पानं सूचना ती बापाच्या स्वयंपाकघरात ठेवून गेली.

"सुटल्यावर घरी कोणीतरी वाट बघत असलं पाहिजे," ती म्हणाली होती. नेव्ह समोरच उभा होता. "हसू नकोस बाबा. हिच्यासाठी उठावं लागतं म्हणून मी उठायचे. ही नसली तर पहिल्याच आठवड्यात मी परत त्या गोळ्यावाल्यांच्या दारात असेन."

सुटायला आता सात आठवडे उरले होते.

रोज नाकावर थेंब थेंब पाणी टाकायचं, ती चाटेल, असं सूचनांमध्ये लिहिलं होतं. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवायचं. पाला ओला करून द्यायचा. नेव्हने दहा महिने हे सगळं केलं. मग नदी आटली, टँकर सुरू झाले आणि घरटी पाणी ठरवून मिळू लागलं. शेजारची बेव्ह कुंपणावरून बघत होती.

"आम्ही तिसऱ्या दिवशी अंघोळ करतोय, आणि तुझी राजकन्या टबात?"

"दोन मग पाणी लागतं गं."

"मग ते दोन मग स्वतःवर ओत. वास येतोय इथपर्यंत."

मॅजची अंघोळ बंद झाली. गावात भाजीपाला आणणारा ट्रकही उशिरा येऊ लागला, तेव्हा नेव्हने डब्यातले सुकवलेले किडे दिले. थेंब टाकताना ती डोळे मिटून वीस-वीस मिनिटं नुसती बसायची. तेही त्याने सोडलं. भांड्यातलं पाणी उतरत होतंच. शिवाय एकतीस वर्षं त्याने कौन्सिलचं ग्रेडर चालवून मातीचे रस्ते सपाट केले होते. शेहेचाळीस अंशांत कुंपणाच्या खांबांवर बसलेले असले हजार सरडे त्याने पाहिले होते. त्यांना पाणी पाजायला कोणी जात नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅज फांदीवरून खाली उतरली आणि वर चढेना. डोळे खोल गेले. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा आणि खडूसारखा कडक झाला. नेव्हने भांडं बघितलं. सोळा मिलिमीटर. पाणी तर पितेय, तो स्वतःशी म्हणाला आणि प्राण्यांच्या डॉक्टरची वाट बघत चार दिवस थांबला. डॉक्टर महिन्यातून एकाच सोमवारी यायची, कौन्सिलच्या हॉलमागच्या खोलीत बसायची.

सोमवारी डॉक्टर इसोबेल डनने मॅजच्या कुशीची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली.

"शेवटचं पाणी कधी प्यायली?"

"रोज पिते. लिहून ठेवलंय मी." त्याने घडी घातलेलं कॅलेंडर पुढे केलं.

तिने ते नीट वाचलं. "पिताना बघितलंत?"

"नाही. सकाळपर्यंत उतरलेलं असतं."

"मिस्टर हॉस्किन, यांना स्थिर पाणी बहुधा दिसतच नाही. बाहेर हे दव चाटतात, अंगावरचा पाऊस पितात, रसाळ किडे खातात, ऊन चढलं की बिळात जातात. तुमची दिवसभर दिव्याखाली होती. ते पाणी दिव्याने प्यायलं."

नेव्हने तिच्या हातातलं कॅलेंडर परत घेतलं. ग्रेडरच्या पुढे पाण्याची गाडी चालायची. ती दहा मिनिटं पुढे गेली की रस्ता पुन्हा कोरडा ठणठणीत व्हायचा आणि तो ड्रायव्हरला शिव्या घालायचा. उन्हाळ्यात पाणी कुठे जातं हे या गावात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

डॉक्टरने रक्ताचा थेंब घेऊन छोट्या यंत्रात घातला, पंधरा मिनिटांनी आकडे दाखवले. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. सांध्यांत खडे साचले होते. ती हलत नव्हती ती त्या दुखण्यामुळे.

"कातडीखाली पाणी भरता येईल. दोन-तीन दिवस निघतील. ते दिवस चांगले नसतील. नाहीतर आजच सुई देऊन शांत झोपवता येईल."

"मुलीला विचारायला हवं."

"लावा की फोन."

"मला लावता येत नाही. तीच लावते. गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

मॅजने तोंड थोडं उघडलं आणि तसंच ठेवलं. नेव्हने कागदावर सही केली. सुई टोचताना त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. हात काढायला त्याला डॉक्टरने सांगावं लागलं.

गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. हा फोन ध्वनिमुद्रित होत आहे, असं यंत्र म्हणालं, आणि मग टॅरिन.

"काय म्हाताऱ्या, जिवंत आहेस ना? पाणी पिते का माझी म्हातारी?"

अठरा मिलिमीटर, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सात आठवडे निघाले असते.

"गेली ती, बाळा. सोमवारी. मीच सुई द्यायला लावली."

पलीकडे कोणाची तरी ओरड ऐकू आली, मग दार आपटल्याचा आवाज.

"कशाने?"

"पाण्यावाचून."

"तू तर आकडे वाचायचास."

"ते वाफेचे होते."

"नाकावर थेंब टाकत होतास का, एवढंच सांग."

"ख्रिसमसपासून नाही."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिचा आवाज नुसता सपाट झाला. "बरं," ती म्हणाली. "शनिवारी भेटीला येऊ नकोस." फोनच्या ठरलेल्या सहा मिनिटांपैकी चार शिल्लक असताना तिने फोन ठेवला.

शनिवारी तो तीनशे दहा किलोमीटर गाडी हाकत गेला. खिडकीतल्या पहारेकऱ्याने यादीवरून बोट फिरवलं, आत फोन केला, ऐकलं, ठेवला.

"भेट नाकारलीय तिने."

"मी थांबतो."

"थांबा. पण दीड वाजता भेटीची खोली बंद होते."

दीड वाजेपर्यंत तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होता. मग पहारेकऱ्याने त्याच्या बाजूचा दिवा मालवला.