आवरून ठेवलेलं अंग

हॉटेलच्या धुलाईघरात ओल्या चादरींचे ढीग उचलून उचलून वहिनीचं अंग बाहेर यायला लागलं, त्याला अकरा वर्षं झाली. बसलं की गोळा टोचे, उभं राहिलं की ओढ लागे. तिनं कुणाला सांगितलं नाही. शेवटी धाकट्या नणंदेनं फडक्यावर रक्ताचे डाग पाहिले आणि हाताला धरून दवाखान्यात नेलं.

मोठ्या डॉक्टरीणबाई वर्षातून दोनदाच येत. पोटाला चार बारीक भोकं पाडायची, दुर्बिणीतून आत जाळी घालायची आणि उतरलेलं अंग वर ओढून त्या जाळीनं हाडाला बांधायचं, हे त्यांचं काम. एका खेपेला आठच बायका घेत. सात नावं झाली होती.

पाहुणा यायच्या आधी पसारा आवरावा तशी वहिनी आवरून आली होती. अंघोळ केली, अंग हातानं आत सारलं आणि नंबर लागेपर्यंत बाकावर आडवी पडून राहिली.

तपासायच्या टेबलावर निजवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोका."

ती खोकली, पण सासऱ्यांसमोर खोकावं तशी.

"खाली जोर लावा."

अकरा वर्षं जे धरून ठेवलं, ते तिनं आणखीच घट्ट धरलं.

"फारसं उतरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "व्यायाम करा. पुढची पाठवा."

बाहेर नणंद वाट बघत होती. "काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या."

"काही नाही? मग इतकी वर्षं हे दुखणं काय भाड्यानं आणलं होतंस?"

"आत घालून गेले होते गं. तसं उघडं कसं दाखवायचं?"

"धन्य आहेस वहिनी. दात दुखतो म्हणून जायचं आणि तोंड मिटून बसायचं."

जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर अंग खाली आलं. वहिनी कठडा धरून उभी राहिली. नणंदेनं तिला तशीच मागं फिरवली.

दारात परिचारिका आठवं नाव लिहीत होती. शेजारी एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती, पाय फाकवून. "तुमचं काय राहिलं?" परिचारिकेनं वहिनीला विचारलं.

नणंद बोलणार, तोच वहिनीनं तिचा दंड दाबला. "काही नाही ताई. बाहेरची वाट विचारायची होती."

जिन्यात आल्यावर नणंद म्हणाली, "आता सहा महिने बस."

"ती म्हातारी माझ्याहून वाईट आहे."

"असेल. पण ती नीट खोकली."

वहिनी एकेक पायरी आडव्या पायानं उतरत राहिली. धुलाईघरात दोनची पाळी होती.